डॉक्टरांनी वाळूवर लावलेली रांग

सुमनताई, आबा, काझीसर, मंडळाचे सगळे सभासद, आणि गावोगावहून मिळेल त्या गाडीनं आलेल्या माझ्या माय-बहिणींनो, भावांनो,

मला बोलायला उभं केलंय. उभी तर राहिले. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या. वर्गात लेकरांसमोर रोज बोलते, पण असं बोलायची पाळी कधी आली नव्हती. यायला नको होती. डॉक्टरांचं काय जायचं वय होतं का हो?

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी शकुंतला वाघमारे. इथंच सोनपेठला प्राथमिक शाळेत शिकवते. डॉक्टर रंगनाथ कदमांनी आकाशदर्शनाचं मंडळ काढलं, त्यात मी पहिल्या दिवसापासून आहे. पहिल्या दिवशी आम्ही तिघंच होतो. डॉक्टर, काझीसर आणि मी. चौथ्या डॉक्टरांच्या पत्नी सुमनताई, पण त्या म्हणायच्या, "मला सभासद करू नका, मला चहा करू द्या."

डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. इथं बसलेल्यांत असं घर विरळाच, ज्याच्या गोठ्यात ते बाह्या वर करून बसले नसतील. गाय अडली, बैलाचं पोट फुगलं, शेळी खाईना, की निरोप जायचा आणि फटफटी यायची. पाटलाच्या गोठ्यात जी बोलायची पद्धत, तीच वस्तीतल्या शेळीपाशी. "काय गं, काय दुखायलंय?" असं ते जनावराला विचारायचे. माणसांशी मात्र इतकं गोड बोलत नसत. रागीट होते. कुणी दुर्बिणीपाशी बिडी पेटवली की संपलंच. ताई, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

ही दुर्बीण कशी झाली, ते आजच्या पोरांना माहीत नाही. विकत आणलेली नाही ती. काझीसर हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून तिचा आरसा घासला. दोन जाड काचा एकीवर एक ठेवायच्या, मध्ये पूड आणि पाणी, आणि घासत राहायचं. रोज संध्याकाळी. ताईंच्या स्वयंपाकघरात, कारण तिथली फरशी सपाट. ताई सगळ्यांना सांगायच्या, "दोघं जात्यावर बसल्यावानी बसायलेत, पण पीठ काई पडंना." नळीला आतून काळा रंग हवा होता, तर ताईंनी दिव्याची काजळी धरून दिली.

मग ते नळकांडं एसटीच्या टपावर बांधून आमची वरात निघायची. ते दिवस कसे होते, तुम्हाला आठवतंय. ट्रान्झिस्टरात बॉम्ब निघत होते, लोक कशालाही बिचकायचे. एकदा देवगाव फाट्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. टपावर बघितलं आणि विचारलं, "ही काय तोफ हाय का?" सगळ्यांना खाली उतरवलं. डॉक्टर चिडतील असं मला वाटलं. पण त्यांनी शांतपणे दोऱ्या सोडल्या, रस्त्याच्या कडेला दुर्बीण उभी केली आणि मावळतीला शुक्र लावून दिला. हवालदारानं डोळा लावला. म्हणाला, "अहो, हा तर चंद्र हाय. कोर दिसायलीय." डॉक्टर म्हणाले, "शुक्र आहे. तोही असाच कोरेचा होतो." मग ड्रायव्हर आला, कंडक्टर आला, टोपली डोक्यावर घेतलेल्या बाया आल्या. एसटीला उशीर झाला, पण गाडीतलं कुणी कुरकुरलं नाही.

पण आज मला जे सांगायचंय ते दुसरंच आहे.

काल मी आबांकडे गेले होते. आबा म्हणजे सुमनताईंचे थोरले भाऊ. समोरच बसलेत. मी म्हटलं, "आबा, मला त्या रात्रीचं सांगायचंय. तुमची हरकत असेल तर नाही सांगत." आबा म्हणाले, "सांग. खरं हाय ते सांग. मी ऐकून घेईन." म्हणून सांगते.

आबांचं गाव गोदाकाठी आहे. नाव मी घेत नाही, त्या गावची माणसं इथं बसलेली आहेत. ते सुमनताईंचं माहेर. आणि तेच माझंही माहेर. त्या गावची पाटलाची लेक सुमनताई, आणि त्याच गावच्या वस्तीतली लेक मी. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात काय झालं, ते मी सांगायला नको. आमच्या वडिलांचं घर त्या वेळी जळालं. कुणी लावलं, ते मी आज बोलणार नाही. वडिलांनी पुन्हा भिंती घातल्या. तेव्हापासून गाव आणि वस्ती एका जागी बसली नव्हती. लग्नाला नाही, पोळ्याला नाही, कशालाच नाही.

अशात पंच्याऐंशी-शहाऐंशीचा हिवाळा आला. तो मोठा धूमकेतू येणार होता. आपली माणसं ज्याला शेंडेनक्षत्र म्हणतात. माणसाच्या जन्मात एकदा येणारा. रेडिओवर तेच, पेपरात तेच. डॉक्टर पेटले होते. म्हणाले, "बाई, हा गावोगाव दाखवायचा. पहिला कार्यक्रम नदीत."

नदीतच का? तर मावळतीकडे झाड नाही, टेकडी नाही, खांबावरचा दिवा नाही. पात्रातली वाळू कोरडी, धूळ उडत नाही. डॉक्टरांचं नियोजन असं बारीक असायचं. आवसेला आभाळ सगळ्यांत काळं, पण आवसेला आपल्या बाया लेकरं घेऊन घराबाहेर पडत नाहीत. म्हणून आवस टळू द्यायची आणि दोन-तीन दिवसांनी ठेवायचा. तोवर चंद्राची कोरही दिसते. तुरी घरात आलेल्या असाव्यात. संक्रांतीच्या आधी व्हावा, नंतर बायांना सवड नसते. बुटक्या माणसांसाठी स्टूल हवं. शेंडेनक्षत्र अपशकुनी असतं असं कुणी म्हणालं तर भांडायचं नाही, म्हणायचं, "मग या, एकदा बघूनच शिव्या द्या."

एवढं सगळं ठरलं. पण त्या गावी जायचं, तर आधी ते माझ्या घरी आले. म्हणाले, "तुमची इच्छा नसेल तर ते गाव सोडू. नदी लांब आहे, दुसरं गाव बघू." खरं सांगते, त्या गावात संध्याकाळची मी कित्येक वर्षांत थांबले नव्हते. मी म्हटलं, "वडिलांना विचारा."

मग आम्ही वस्तीत गेलो. वडील बाजेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, आमची शेरडं आजारी पडली तवा तुमी आमच्या दारात चहा पिलाव. म्हणून ऐकायलोय. रांग येकच असंल तर येऊ. दोन असतील, तर आभाळ आमच्या अंगणातनं बी दिसतंय."

डॉक्टर म्हणाले, "एकच असेल."

"शब्द?"

"शब्द."

एवढंच बोलणं झालं.

तिथून आम्ही आबांकडे गेलो. आबांनी जावयाचा मान केला, चहा-पोहे झाले. आबा म्हणाले, "दाजी, तुमी म्हणाल ते करतो. गादी टाकतो, तक्के टाकतो, माणसं देतो. फकस्त येक करा. पहिल्या दिवशी गाव बघंल. दुसऱ्या दिवशी वस्ती बघंल. दोघांचं बी व्हईल, कुणाचं काई जायचं न्हाई."

काझीसर बरोबर होते. त्यांना ते पटलं. त्यांना दोष देऊ नका, त्यांनी दंगल बघितलेली होती. ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाब, दोन दिवस घेऊ. माणसं बघतील तर खरी. झगडा कशाला?"

डॉक्टरांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आबा, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"बाईंच्या वडिलांना."

आबांचा चेहरा बदलला. "आन् आमी कोण?"

"तुम्ही घरचे. माझा शब्द घरच्यांनी सांभाळायचा असतो."

आबा उठून उभे राहिले. म्हणाले, "मग सुमीला सांगा, ह्या घराची वाट विसर म्हनावं."

परतताना डॉक्टर फटफटीवर एकटेच पुढं निघून गेले. काझीसर आणि मी एसटीनं आलो. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर ताई भाकरी थापत होत्या आणि डॉक्टर दारात उभे. सांगायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी सांगितलं. ताईंनी तव्यावरची भाकर उलटली. म्हणाल्या, "शब्द दिलाय नव्हं? मग माघारी आणून कुठं ठेवणार?" आणि पुढची भाकर थापायला घेतली. ती तव्यावरची करपली. ताईंची भाकर करपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. दिवस मावळायच्या आत आम्ही वाळूत दुर्बीण लावली. आधी वस्ती आली. सणाला निघाल्यासारखी आली. वडिलांनी पांढरा सदरा घातला होता. जवळच्या शेतात मेंढरं बसवलेली होती, ती धनगर मंडळी आली. रांग लागली. आणि गाव? गाव वर, नदीकाठच्या दरडीवर उभं होतं. आख्खं गाव. पण खाली कुणी उतरेना. आबा पुढं उभे, म्हणून मागचे सगळे उभे.

डॉक्टरांनी तिकडे एकदाही पाहिलं नाही. कामाला लागले. अंधार पडला, धूमकेतू सापडला. आणि मंडळी, आता खरं सांगू का? तो काहीच नव्हता! पेपरात चित्रं छापली होती, लांबच्या लांब शेपूट. आणि दुर्बिणीत काय, तर धुरकट ठिपका. पहिल्यानं डोळा लावला तो म्हणाला, "येवढंच?" दुसरा म्हणाला, "डॉक्टर, ह्याच्यापायी मेव्हण्याशी भांडलाव?" सगळे हसले. डॉक्टरसुद्धा हसले. मग त्यांनी थोडा वेळ दुर्बीण चंद्राच्या कोरेकडे वळवली आणि तिथं मात्र कालवा झाला. "अगं बया, खड्डे! खड्डे हायेत!" बाया एकमेकींना ओढायला लागल्या. तो आरडाओरडा दरडीवर ऐकू जात होता. वरचं गाव चुळबुळायला लागलं.

मग वरून कुणीतरी खाली यायला लागलं. पांढरं लुगडं. हातात काठी. सुनेचा खांदा धरलेला.

आबांची माय. सुमनताईंची माय. गावात सगळे तिला मोठ्याई म्हणायचे.

आबा वरून ओरडले, "माय, कुठं चाललीस? पाय घसरंल!" तिनं मागं वळून पाहिलं नाही. डॉक्टर धावले. "मामी, या, पुढं या." ती म्हणाली, "जावईबापू, रांग येकच हाय म्हणं. मग म्या मदीच कशी घुसू?" आणि जाऊन शेवटी उभी राहिली. वस्तीतल्या एका म्हातारीच्या मागं. पाटलाची माय.

डॉक्टरांनी पुन्हा धूमकेतू लावला. तो मावळतीला टेकत आला होता. रांग लांब. सगळ्यांना कळत होतं की मोठ्याईचा नंबर येईपर्यंत तो बुडणार. डॉक्टरांनाही कळत होतं. पण तिला पुढं बोलवायचं कसं? एकच रांग म्हणून शब्द दिलेला. ते एकदा रांगेकडं बघत, एकदा मावळतीकडं, मी शेजारी होते, मी पाहिलं.

आणि वडिलांचा नंबर आला. वडील दुर्बिणीपर्यंत गेले, थांबले आणि मागं वळले. म्हणाले, "मोठ्याई, शेंडेनक्षत्र बुडायलंय. या. माझा नंबर घ्या."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांचं घर जळालं होतं, त्यांनी आपल्या मनानं दिलेली जागा होती ती.

मोठ्याई आली. "लय उपकार, बाबा," म्हणाली. दुर्बीण मावळतीला झुकलेली, म्हणून स्टुलाची गरज नव्हती, वाकावंच लागलं. तिनं डोळा लावला. बराच वेळ तशीच उभी. मग हळूच मला म्हणाली, "पोरी, डोळ्यात मोतीबिंदू हाय माझ्या. काईच दिसंना. तू बघ आन् मला सांग." आणि पडू नये म्हणून तिनं माझा हात धरला. घट्ट. मी त्या गावात लहानाची मोठी झाले, पण त्या घरातल्या कुणी माझा हात धरलेला मला आठवत नाही.

मी डोळा लावला. म्हटलं, "मोठ्याई, पांढुरकं हाय. धुरकट. कापसाच्या पेळूवानी. शेपूट म्हणावं तर नावाला."

ती म्हणाली, "म्या पाहिलं तवा लय ल्हान व्हते. बापानं खांद्यावर घेतलं व्हतं. आभाळभर शेपूट व्हतं त्याचं." मग थोडं थांबून म्हणाली, "आता ते बी माझ्यावानी म्हातारं झालं म्हनायचं. बरं झालं, भेटले."

त्यानंतर दरडीवरून बाया उतरल्या. मग लेकरं. मग काही गडी. सगळे नाही. धूमकेतू तोवर बुडाला होता, पण कृत्तिका होत्या, मृग होता. आबा उतरले नाहीत. ते एकटे वर उभे होते. आणि त्या सगळ्या आनंदात कुणीतरी बिडी पेटवली, आणि आपले डॉक्टर त्याच्यावर असे ओरडले, असे ओरडले, की धनगराचं कुत्रं पळून गेलं.

मंडळी, मी तुम्हाला गोड गोष्ट सांगत नाही. त्या रात्रीनं गाव बदललं, असं म्हणणार नाही. पाण्याच्या जागा पुढंही कितीतरी दिवस वेगळ्याच राहिल्या. आबांचं दार ताईंना बंद झालं ते झालंच. त्या दिवाळीला भाऊबीजेचं ताट ताईंनी मांडलं आणि तसंच उचललं. डॉक्टरांनी ते पाहिलं. मला एकदा म्हणाले, "बाई, शब्द मी दिला. किंमत हिनं मोजली." मोठ्याई मात्र लेकीकडे येत राहिली. काठी टेकत, एसटीनं.

मग पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी आबांचा गडी आला. म्हैस अडली होती. आबांनी निरोप दिला नव्हता, गडी आपल्या मनानं आला होता. डॉक्टर जेवायला बसले होते. ताट सरकवून उठले. गोठ्यात गेले, सदरा काढला, आणि जी झटापट झाली ती दिवस कलेपर्यंत. रेडकू जिवंत निघालं, म्हैसही वाचली. डॉक्टर हात धूत होते. आबा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "दाजी, जेवून जा." डॉक्टर म्हणाले, "एकटा नाही जेवत. सुमनला आणतो." आणि तसेच, अंगाला गोठ्याचा वास, फटफटीवर बसून परत आले, आणि ताईंना मागं बसवून घेऊन गेले. ताई, तुम्ही मला सांगितलंत की त्या दिवशी तुम्ही लुगडंसुद्धा बदललं नाही. खरं ना?

त्यानंतरच्या वर्षापासून नदीतला कार्यक्रम दर हिवाळ्यात झाला. मग पोखर्णीची माणसं बोलवायला आली, मग आणखी गावं. प्रत्येक गावात डॉक्टर पहिल्यांदा एकच सांगायचे, "रांग एक." काही गावांनी नको म्हटलं. तिथं ते गेले नाहीत. भाषण केलं नाही, पण गेले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली. आधी त्यांनी अंगावर काढली. जनावराची नाडी कळणाऱ्या माणसानं स्वतःचं दुखणं बघितलं नाही, हे मला त्यांचं अजून पटत नाही. मग परभणीचा दवाखाना. एकदा सुधारले, पुन्हा पडले.

गेल्या महिन्यात विद्यापीठाला अखेर ते नाव मिळालं, तेव्हा मी पेढे घेऊन दवाखान्यात गेले. त्यांना गोड बंद होतं. तरी त्यांनी एक पेढा मागून घेतला आणि नुसता हातात धरून बसले. म्हणाले, "तुमचे वडील असायला पाहिजे होते." वडील दोन वर्षांपूर्वीच गेले. ताई खिडकीपाशी उभ्या होत्या.

निघताना त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, काही मनातलं सांगतील. म्हणाले, "बाई, पुरानं दरड कापलीय. म्हाताऱ्यांना वाळूत उतरता येणार नाही. कार्यक्रमाच्या आधी वाट नीट करून घ्या." मी हो म्हटलं. तेच आमचं शेवटचं बोलणं.

मी अजून काहीच केलं नव्हतं. माझ्याच्यानं झालं नाही. काल आबांकडे गेले, तेव्हा नदीवर जाऊन आले. दरडीला पायऱ्या खणलेल्या आहेत. रुंद, म्हाताऱ्यांच्या पायाच्या अंदाजानं. आबा मला त्यातलं काही बोलले नाहीत. वस्तीतल्या पोरांनी सांगितलं, कारण आबा त्यांना बोलवायला स्वतः वस्तीत आले होते, आणि खणायला खोरी गावाची आणि वस्तीची, दोन्हीकडची होती.

डॉक्टर, वाट झालीय.

आता आपण उभं राहू या. अशा वेळी दोन मिनिटं म्हणतात. मी घड्याळ बघणार नाही. सुमनताई खाली बसतील, तेव्हा आपण बसू.

डॉक्टर, माझा नमस्कार. माझ्या वडिलांचाही.